प्रस्थानाला ठेवलेल्या गोळ्या

मी शकुन-अपशकुन मानत नाही. तंजावुरात हे मी ज्याला त्याला सांगत असे. सांगण्याआधी राहुकाल संपलाय ना, तेवढं मात्र घड्याळात बघून घेत असे. आमच्या बँकेत तेव्हा नुकताच संगणक आला होता. त्याला थंडगार खोली होती आणि चपला दाराबाहेर काढून आत जावं लागे. आयुधपूजेला त्याच्या पडद्याला गंध लावण्याचा मान साहेबांनी मला दिला होता. एवढ्या भांडवलावर घरात आणि गल्लीत माझी आधुनिक माणूस म्हणून ख्याती झाली होती. ख्याती कसली, मीच पसरवलेली बातमी ती.

अक्का, म्हणजे माझी मोठी बहीण, आमच्याकडेच राहायची. काही वर्षांपूर्वी मद्रासला तिच्या हृदयातला एक व्हॉल्व बदलून धातूचा बसवला होता. दुपारी घर शांत झालं की ती शेजारी बसलेली असताना त्याची टिकटिक ऐकू यायची. दिवेलागणीनंतर ती एक बारकीशी गोळी घ्यायची. माझ्या लेखी तिचं नाव ‘अक्काची गोळी’. पाकिटावर तिचं आणखी काही नाव असेल, असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

ठरलेल्या वेळी तिला मद्रासला तपासणीला जावं लागे. त्या वेळी गाडीची तिकिटं मिळाली ती नेमकी मंगळवार संध्याकाळची. तिकिटं दाखवल्याबरोबर बायकोनं भिंतीवरचं पंचांग काढलं.

“अहो, मंगळवारी उत्तरेला शूल आहे, तिकडे निघायचं नसतं. मद्रास उत्तरेला.”

“मद्रास कुठे जातंय? आपण जातोय,” मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

आम्हा तंजावूरच्या मराठ्यांचं असं आहे, की पंचांग तमिळ झालं, जेवण तमिळ झालं, भांडणंसुद्धा तमिळमधून होतात. पण भीती अजून मराठीतच वाटते. आणि भीतीवरचा उताराही पूर्वजांनी येताना बरोबर आणलेला. त्याला प्रस्थान म्हणतात. ज्या दिवशी निघणं वर्ज्य आहे, त्याच्या आदल्या दिवशी चांगली वेळ बघून प्रवाशाची एखादी वस्तू, हळकुंड, सुपारी, मूठभर तांदूळ, सगळं कापडात बांधून जायच्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे प्रवास कालच सुरू झाला. आज नुसतं शरीर मागून निघालंय. दुसऱ्या दिवशी जाताना ते गाठोडं उचलायचं आणि पुढे चालू लागायचं.

गल्लीच्या उत्तर टोकाला एक मावशी राहायच्या. नात्यानं कोणी नव्हेत, पण गल्लीतल्या आम्हा सगळ्या मराठी घरांची प्रस्थानं त्यांच्याकडेच जात. सोमवारी संध्याकाळी बायकोनं हळकुंड-सुपारी बांधायला घेतली, तेव्हा माझ्यातला आधुनिक माणूस जागा झाला.

“ठेवायचंच तर अक्काची प्रवासाची सगळी पिशवीच ठेवू ना! शूलाची काही शंकाच राहायला नको. आणि उद्या तेवढंच ओझं कमी.”

“गोळ्या त्यातच आहेत रे,” अक्का म्हणाली.

“आजची घेतलीस ना? उद्याची गाडीत घे.”

“तू मोठा शहाणा,” ती म्हणाली. आमच्या घरात हे वाक्य कौतुक म्हणून कधीच वापरलेलं नाही. पण मी कौतुक समजून पिशवी खांद्याला लावली आणि मावशींच्या देवघरात पाटावर नेऊन ठेवली. मावशींनी पिशवीला कुंकू लावलं. पिशवी एवढी फुगलेली बघून त्या म्हणाल्या, “अख्खी अक्काच आणलीस काय रे बांधून?”

मंगळवार म्हणजे आमच्याकडे बायकांचा तेल लावून न्हायचा वार. अक्का तेल जिरवून न्हाणीघरात गेली आणि पायाखालच्या तेलावरूनच घसरली. डोकं पाण्याच्या तपेल्याच्या काठावर आपटलं. बायकोनं आणि मी धरून तिला बाहेर आणलं. कानाच्या वर सुपारीएवढं टेंगूळ. रक्ताचा थेंब नाही. ती हसायलाच लागली.

“व्हॉल्व शाबूत आहे, ऐक,” म्हणाली.

मी कान लावला. टिकटिक चालू होती. झालं तर मग! मी तिला कडक कॉफी दिली. आमच्या गावात माणूस पडला, रडला, नापास झाला किंवा त्याच्याकडे मुलगी सांगून आली, तरी आधी कॉफीच देतात. मग तिला म्हटलं, “संध्याकाळी प्रवास आहे, पड जरा.” ती पडली. तिला झोप लागावी म्हणून मी नव्यानं घेतलेल्या केबल टीव्हीचा आवाज कमी केला आणि स्वतःच्या समंजसपणावर खूश होऊन मॅच बघत बसलो.

थोड्या वेळानं ती घोरायला लागली. अक्का कधी घोरत नसे. सुरुवातीला मला गंमत वाटली. उठल्यावर चिडवायला एक विषय झाला. मग त्या घोरण्यात एक खरखर येऊ लागली, ओल्या वाळूत फावडं घातल्यासारखी. मी हाक मारली. उठली नाही. खांदा हलवला. डोळे अर्धे उघडले, माझ्याकडे बघून ती म्हणाली, “बाबा जेवले का रे?”

बाबांना जाऊन वर्षं झाली होती.

मागे उभ्या असलेल्या बायकोच्या हातातला तांब्या खाली पडला. त्या आवाजानंही अक्का दचकली नाही. वळून तिनं सगळी कॉफी उशीवर ओकली आणि परत तसेच डोळे मिटले. माझी तोपर्यंतची सगळी भीती नुसती गोष्टी सांगायच्या कामाची होती, हे मला त्या क्षणी कळलं. खरी भीती बोलू देत नाही. बायको म्हणत होती, “रिक्षा आणा, रिक्षा!” आणि मी टीव्ही बंद करायचं बटण शोधत होतो.

रिक्षात अक्काचं डोकं बायकोच्या मांडीवर होतं. मी पुढे चालकाला चिकटून बसलो होतो आणि दुकानांच्या पाट्या वाचत होतो. सायकल दुरुस्ती. भांडी. एसटीडी. लग्नपत्रिका. पाटी वाचायची थांबलो की मागचं घोरणं ऐकू यायचं, आणि घोरणं ऐकू आलं नाही तर मान वळवून बघायचं धाडस व्हायचं नाही. म्हणून सगळ्या पाट्या वाचल्या.

इस्पितळाच्या तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. अक्काला खाटेवर घेतल्याबरोबर त्यांनी तिच्या पापण्या उघडून टॉर्च मारला, मग छातीला नळी लावली आणि मान वर केली.

“व्हॉल्व बदललाय?” त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

“हो मॅडम. मद्रासला.”

“म्हणजे रक्त पातळ करायची गोळी चालू असणार. कोणती?”

“गोळी... आहे. रोज घेते.”

“नाव?”

“पांढरी आहे, मॅडम.”

“जगातल्या निम्म्या गोळ्या पांढऱ्या असतात, सार. अख्खी घेतात की अर्धी?”

मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, “कधी अख्खी, कधी अर्धी. मद्रासचे डॉक्टर प्रमाण बदलतात. त्यांचं त्याच बघतात सगळं.”

आणि त्या, ज्या सगळं बघायच्या, खाटेवर घोरत होत्या.

“शेवटची कधी घेतली?”

“काल दिवेलागणीला.” हे तेवढं मला माहीत होतं. परीक्षेत एक तरी उत्तर आल्यासारखं वाटलं.

“दुसरं काही औषध? दुखण्याची गोळी? गावठी औषध?”

“छे छे. दुसरं काही नाही,” मी ठणकावून सांगितलं.

“पडल्यावर खायला-प्यायला काही दिलं?”

“कॉफी.”

त्या लगेच मागे वळल्या. नर्सला म्हणाल्या, “आता तोंडातून काही द्यायचं नाही. कवटी उघडायची वेळ आली तर पोट रिकामं पाहिजे.” हे त्यांनी असं सांगितलं, की जणू खिडकी उघडायची आहे. मग माझ्याकडे वळून अगदी सावकाश, शाळेतल्या पोराला सांगावं तसं म्हणाल्या, “डोक्यात रक्तस्राव होत असावा. आम्ही स्कॅन करतोय, रक्तही तपासायला पाठवतोय. पण त्याला वेळ लागणार. रक्त पातळच राहिलं तर डोक्यात वाहत राहील. एकदम घट्ट केलं तर व्हॉल्वमध्ये गुठळी होऊन तो अडकेल. दोन्हीकडून जीव जाऊ शकतो. किती घट्ट करायचं ते ठरवायला कोणती गोळी आणि केवढी, हे मला कळायला हवं. गोळ्या कुठे आहेत?”

गोळ्या कुठे आहेत! काय सांगणार? तमिळमध्ये प्रस्थानाला काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक असतं तरी त्या बाईंच्या समोर, त्या खाटेशेजारी उभं राहून, ‘मंगळवार टाळण्यासाठी आम्ही गोळ्या आधीच प्रवासाला पाठवल्यात’ हे कोणत्या भाषेत म्हणायचं?

“शेजारी आहेत,” मी म्हणालो.

“मग पळा ना!”

बायकोला अक्कापाशी ठेवून मी त्याच रिक्षानं परत आलो. या वेळी पाट्याही वाचता आल्या नाहीत. डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: मावशींच्या दाराला कुलूप. पण दार उघडं होतं. मावशी ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी हात छातीशी नेला. “अय्यो देवा! अक्का?”

मी देवघराकडे वळलो, तशा त्या उठून उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

“पिशवीला हात लावू नकोस.”

“मावशी, गोळ्या हव्यात. डॉक्टर थांबल्यात.”

“ऐकलं मी. पण प्रस्थान निघालेल्या माणसानंच उचलायचं असतं आणि उचलून पुढे जायचं असतं. तू मागं नेलंस तर तो प्रवास मोडला. अशा दिवशी मोडायचा? ती तिकडे तशी पडलेली असताना?”

“ह्या सगळ्यावर माझा विश्वास नाही,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच कोणा लहान मुलाचा वाटला.

“मग घे.” आणि त्या बाजूला झाल्या.

मी आत गेलो. पाटावर पिशवी, पिशवीवर कुंकू. हात पुढे केला आणि हात थांबला. खोटं कशाला सांगू? मला पुढे हात घालवेना. इतकी वर्षं विश्वास नाही असं सांगत आलो, ते सगळं सुखात असतानाचं बोलणं होतं. आता मला वाटत होतं, की ही पिशवी मी पाटावरून उचलली आणि त्याच क्षणी तिकडे अक्काची टिकटिक थांबली तर? कोणाला सांगू, की योगायोग होता?

“तुम्ही बघितलंय का कोणाचं?” मी विचारलं. “मागं घेतलेलं प्रस्थान?”

“माझ्या आईनं बघितलं होतं.”

“काय झालं त्याचं?”

“आज नाही सांगायचं,” मावशी म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या असत्या ‘मेला’, तर बरं झालं असतं. मी देवघरात तसाच उभा. बाहेर रिक्षावाला भोंगा वाजवत होता. शेवटी मी रडकुंडीला येऊन म्हणालो, “मावशी, मग करू काय? तिला तिथं मरू देऊ?”

मावशींनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्याही हातातली वात पिळून पिळून तुटली होती. त्या मला अडवत नव्हत्या, त्या अक्काला वाचवत होत्या, हे मला तेव्हा दिसलं. आमचा दोघांचा एकच जीव टांगणीला लागला होता, दोन टोकांनी. त्यांनी वाती खाली ठेवल्या आणि पदर खोचला.

“मी येते.”

“तुम्ही?”

“अक्का आजारी आहे, मी तिला बघायला चाललेय. जाताना रिकाम्या हातानं जात नाही कोणी. माझ्या हातात काय आहे ते तू बघायचं नाहीस. तू काही उचललं नाहीस, मागं नेलं नाहीस. कळलं? आणि पिशवी जाते ती तिच्याकडेच जाते, मागं कुठे जातेय? चल, पुढे बस. मान वळवू नकोस.”

मी मान वळवली नाही. इस्पितळ येईपर्यंत रिक्षाच्या आरशातही बघितलं नाही. बँकेचा संगणक हाताळणारा माणूस सरळ समोर बघत, मनातल्या मनात देवाला सांगत होता, की मागे एक बाई भेटायला येतायत, त्यांच्याकडे काय आहे ते मला माहीत नाही. देवाला फसवण्याचं काम मी इतक्या प्रामाणिकपणे त्याआधी आणि त्यानंतर कधी केलेलं नाही.

मावशींनी पिशवी थेट डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर उपडी केली. साडी, फणी, सुपारी, तांदूळ, आणि गोळ्यांची पाकिटं. डॉक्टरीणबाईंनी तांदूळ हातानं बाजूला सारत एक पाकीट उचललं. “हं, ही.” मागे चिकटवलेल्या कागदावर अक्काच्या अक्षरात किती घ्यायची ते लिहिलेलं होतं. त्या लगेच नर्सला इंजेक्शन सांगायला लागल्या, रक्तपेढीला फोन करायला लावला. माझा जीव भांड्यात पडतोय तोच त्यांची नजर दुसऱ्या एका चकचकीत पाकिटावर गेली.

“आणि ही?”

मी ओळखलं. गुडघे दुखतात म्हणून चार-पाच दिवसांपूर्वी मीच कोपऱ्यावरच्या दुकानातून आणून दिली होती. पाकिटातल्या बऱ्याच गोळ्या संपलेल्या दिसत होत्या.

“ते औषध नाही, मॅडम,” मी म्हणालो. “ते मी दिलंय.”

डॉक्टरीणबाई रागावतील असं मला वाटलं. त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त पाकीट उलटून नाव वाचलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “ही त्या गोळीबरोबर घेतली की रक्त आणखी पातळ होतं. म्हणूनच एवढ्याशा टेंगळानं हे झालं असेल. मी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. दुकानातून आणलेली, शेजाऱ्यानं दिलेली, मुळी, काढा, सगळं सांगायचं असतं, सार. आम्हाला वासावरून कळत नाही.” मग त्यांनी स्वतः फोन घेतला, आणि रक्तपेढीला आधी सांगितलेला पिशव्यांचा आकडा बदलला.

तो आकडा बदलताना मी तिथं उभा होतो. आधीच्याच आकड्यावर काम झालं असतं तर, हा विचार आजही कधी मधेच येतो आणि मी जे काही करत असेन ते थांबतो.

स्कॅनमध्ये कवटीच्या आत रक्ताचा पातळ थर दिसला. तो वाढला तर शस्त्रक्रिया, थांबला तर नाही. थांबतोय की वाढतोय ते कळायला एकच मार्ग होता: अक्काला पुन्हा पुन्हा उठवायचं आणि प्रश्न विचारायचे. नळीतून कोणाचा तरी पिवळसर रक्तद्रव तिच्या हातात थेंबथेंब उतरत होता. आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर. मावशी जप करत होत्या, बायको त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून होती. मी मात्र दर वेळी आत जाणाऱ्या नर्सच्या मागे दारापर्यंत जायचो आणि परत यायचो. नाव विचारलं की अक्का नुसती कण्हायची. गाव विचारलं की डोळे मिटायची. एकदा ती बाबांना हाक मारायला लागली आणि मी कानावर हात ठेवून मागे फिरलो. सुटून गेलेल्या मद्रासच्या गाडीचा विचारही आम्ही केला नाही.

सकाळी उजेड झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. मला वाटलं, सांगायलाच बोलावलंय. अक्काचे डोळे उघडे होते, पण ते छताकडे लागलेले.

“तुमचं नाव काय, अम्मा?”

अक्कानं नाव सांगितलं. जीभ जड, पण नाव बरोबर.

“हे गाव कोणतं?”

“तंजावूर.”

“आणि हे कोण?” डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बोट केलं.

अक्कानं मान वळवली. माझ्याकडे बघितलं. नुसती बघतच राहिली. त्या नजरेत मी नव्हतो; तिथं भिंत असती तरी तिनं तशीच बघितली असती. मला वाटलं, संपलं. नाव उरलं, गाव उरलं, मी गेलो. माझे दात वाजायला लागले आणि ते थांबावेत म्हणून मी खाटेचा गज धरला. डॉक्टरीणबाई पुन्हा विचारणार, तेवढ्यात अक्का कपाळाला आठ्या घालून तमिळमध्ये त्यांना म्हणाली,

“धाकटा भाऊ आहे माझा. ह्याला आधी खुर्ची द्या, पडेल.”

नर्सनं खुर्ची आणेपर्यंत मी खाली फरशीवर बसलेलो होतो.